कचेरी सुटल्यावर

बोलपट पाहताना घरात कुणीतरी हमखास विचारते, "अगं, हा कोण गं? ह्याला आपण मागे कशात तरी पाहिलाय!" नायकाविषयी हा प्रश्न कधी निघत नाही. नायकाचे नाव आपल्याला तिकीट काढण्याआधीच ठाऊक असते. प्रश्न निघतो तो नायिकेच्या बापाविषयी, पोस्टमनविषयी, दारू पिऊन खरे बोलणाऱ्या म्हाताऱ्याविषयी. मग घरातली सगळी माणसे दोन मिनिटे पडदा सोडून आठवणीत शिरतात. कुणाला तो कोर्टातला कारकून म्हणून आठवतो, कुणाला देवळातला पुजारी म्हणून. नाव मात्र कुणालाच आठवत नाही. चरित्रनटाच्या वाट्याला येणारी कीर्ती ही अशी असते. चेहरा घरोघर पोचलेला, आणि नाव दाराबाहेर ताटकळत उभे.

अशाच एका दाराबाहेरच्या नावाविषयी मला आज चार शब्द लिहायचे आहेत. नाव आहे बॅरी फिट्झजेराल्ड. माणूस आयर्लंडचा, डब्लिन शहरचा. पुष्कळ वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीत 'द क्वाएट मॅन' हा जॉन फोर्डचा चित्रपट आम्ही उभयतांनी पाहिला. नायक जॉन वेन म्हणजे सहा फुटांहून उंच, ताडमाड माणूस. नायिका मोरीन ओहारा, लाल केसांची, देखणी, तिखट. पण घरी परतताना बसमध्ये आमची सौभाग्यवती म्हणाली, "तो घोडागाडीवाला म्हातारा अगदी आपल्या नानांसारखा नव्हता का हो?" नाना म्हणजे तिचे चुलते. सगळ्या गावाची लग्ने जमवीत, आणि लग्नाच्या पंक्तीत पहिल्या पानावर बसून सगळ्या गावाच्या खोड्या काढीत. आयर्लंडच्या एका खेड्यातला लग्ने जुळवणारा म्हातारा आमच्या सासुरवाडीचा निघाला, तेव्हा हा नट साधा नव्हे एवढे मी त्याच बसमध्ये ओळखले.

पण या माणसाशी माझे नाते जुळले ते त्याचे चरित्र वाचल्यावर. हा गृहस्थ अठरा वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी करीत होता, आणि संध्याकाळी नाटकात काम करीत होता. मी शिधावाटपाच्या कचेरीत तेहतीस वर्षे काढली आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळींतून लहानसहान कामे केली. तो जगप्रसिद्ध झाला आणि मी आमच्या आळीपुरता राहिलो, हा फरक मान्य करूनही कचेरी सुटल्यावर धावतपळत तालमीला पोचणाऱ्या माणसाचा दम दोघांचाही सारखाच लागतो, असे मला वाटते.

त्याचे खरे नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८ चा. वडील कामगार चळवळीत वावरलेले, आई जर्मन. घर प्रॉटेस्टंट. धाकटा भाऊ आर्थर हा आठ वर्षांनी लहान, आणि दोघांपैकी अधिक तडफदार. विल्यम अंगाने बुटका, स्वभावाने बुजरा. १९११ मध्ये तो व्यापारखात्यात कारकून म्हणून चिकटला, आणि तिथेच निवृत्तिवेतनापर्यंत पोचला असता तर कुणालाच नवल वाटले नसते.

पण डब्लिनमध्ये त्या काळी ॲबी थिएटर होते. १९०४ च्या डिसेंबरात उघडलेले हे नाटकगृह जेमतेम साडेपाचशे प्रेक्षकांचे. कवी येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनी आपल्या देशाची नाटके आपल्या माणसांच्या बोलीत व्हावीत म्हणून ते उभे केले. तिथली नटमंडळी म्हणजे बऱ्याच अंशी दिवसा पोट भरून रात्री नाटक करणारी माणसे. आधी आर्थर तिथे गेला आणि त्याच्या मागोमाग हा थोरला भाऊ. पहिल्या कामात त्याला चारच शब्दांचे वाक्य होते, आणि घाबरून त्याने त्यातली अक्षरे उलटीपालटी केली, अशी गोष्ट सांगतात. सारे नाटकगृह खदखदून हसले म्हणे. चार शब्दांत फजिती आणि त्याच चार शब्दांत टाळी हे फक्त विनोदी नटाच्याच नशिबी असते. सरकारी नोकराने दुसरा व्यवसाय करू नये हा नियम तिकडेही होताच. म्हणून विल्यम शील्ड्स खुर्चीवर बसला, आणि रंगमंचावर बॅरी फिट्झजेराल्ड उभा राहिला. एका अंगावर दोन नावे वागवण्याची त्याला पुढे अठरा नव्हे, पन्नास वर्षे सवय झाली.

भाऊ आर्थर मात्र निराळ्या वाटेने गेला. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा तो बंदूक घेऊन त्यात उतरला. उठाव मोडल्यावर वेल्समधल्या फ्रॉन्गॉकच्या छावणीत त्याला स्थानबद्ध करून ठेवले. सुटून आला आणि पुन्हा ॲबीत नाटके करू लागला. एकाच घरातला एक भाऊ सरकारी कारकून आणि दुसरा सरकारचा कैदी. आपल्याकडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळातली कितीतरी घरे अशीच होती. वाचणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

थोरल्याची पुढे बेकारांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत बदली झाली. त्याच्या आयुष्यातला हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्याने सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला दिवस काढले आहेत, त्यालाच त्या खिडकीचे महत्त्व कळेल. आमच्या खिडकीसमोर रेशनकार्डात नाव घालायला, नाव कमी करायला, हरवलेल्या कार्डाची नक्कल घ्यायला सारे शहर येई. खरा गरजू माणूस कमी बोलतो, आणि ज्याची गरज थोडी असते त्याची हकीगत लांब असते, हे मी नाटकाच्या पुस्तकात शिकलो नाही. मेलेल्या नवऱ्याचे नाव कमी करायला आलेली बाई कार्ड पुढे सरकवताना त्या नावावर क्षणभर बोट ठेवून थांबते, हेही मला कुठल्या दिग्दर्शकाने सांगितले नाही. डब्लिनच्या त्या कचेरीतही काम मिळेना म्हणून खचलेले आणि काम मिळेल की काय म्हणून धास्तावलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक येत असणार. टेबलामागचा तो बुटका कारकून नोंदी करीत होता, आणि माझा कारकुनी तर्क असा की, तो दोन वह्यांत नोंदी करीत होता.

३ मार्च १९२४ रोजी त्या दुसऱ्या वहीचे सार्थक झाले. त्या रात्री ॲबीमध्ये शॉन ओकेसीचे 'जूनो ॲन्ड द पेकॉक' रंगभूमीवर आले. ओकेसी हा डब्लिनच्या गरीब वस्तीत वाढलेला, कुदळ-फावडे चालवलेला नाटककार. नाटकातला कॅप्टन बॉइल हा नवरा नावाचाच कॅप्टन. कोळशाच्या जहाजावरून लिव्हरपूलपर्यंत एकदा जाऊन आला, तेवढ्या पुंजीवर सात समुद्र फिरल्याच्या गप्पा मारणारा. कुणी नोकरीची वार्ता आणली की त्याचे पाय दुखू लागतात. बायको जूनो राबते, आणि हा मोर पिसारा फुलवून दारूच्या दुकानाकडे निघतो. सोबतीला जॉक्सर नावाचा खुशमस्कऱ्या दोस्त. बेकारांच्या कचेरीतल्या कारकुनाने आयर्लंडमधल्या सर्वांत नामांकित कामचुकाराचे काम केले! असा योग जमवून आणायला नाटककारापेक्षा मोठा नाटककार लागतो. जूनोचे काम साराह ऑलगुडने केले, जॉक्सरचे एफ. जे. मॅक्कॉर्मिकने आणि यादवीत एक हात गमावलेल्या मुलाचे, जॉनीचे, आर्थरने.

या भूमिकेतले खरे अवघड काम शेवटी आहे. वारशाने पैसा मिळणार म्हणून घरात आलेले सामान, पैसा न मिळाल्याने परत गेलेले असते. मुलाला बंदूकवाले धरून नेतात आणि गोळी घालतात. फसवल्या गेलेल्या मुलीला घेऊन जूनो घर सोडून जाते. रिकामी खोली उरते. आणि त्या खोलीत कॅप्टन आणि जॉक्सर झिंगत येतात. त्यांना यातले काहीही ठाऊक नसते. प्रेक्षक दोन तास ज्याच्या थापांना हसले, तोच माणूस त्याच थापा मारतो आहे. फक्त आता हसायला कुणाला धीर होत नाही. नटाने इथे काहीच बदलायचे नाही. हातवारे तेच, ऐट तीच. बदलतो तो प्रेक्षक. असे काम हशा काढण्याच्या हव्यासाने होत नाही आणि हशा बंद करण्याच्या हव्यासाने तर मुळीच होत नाही. त्यासाठी समोरच्या माणसाविषयी मनात कडवटपणा न धरता त्याला वर्षानुवर्षे पाहिलेले असावे लागते.

दोन वर्षांनी, १९२६ च्या फेब्रुवारीत, ओकेसीचे 'द प्लाउ ॲन्ड द स्टार्स' आले. ते १९१६ च्या उठावावर होते. पण त्यात वीरांपेक्षा चाळीतली सामान्य माणसे अधिक होती. क्रांतीचे भाषण चालू असताना दारूच्या दुकानात एक वेश्या उभी होती आणि उठावाचा झेंडाही त्या दुकानात आला होता. ज्यांनी त्या उठावात नवरे आणि मुलगे गमावले होते, त्या बायकांना हे कसे सोसावे? चौथ्या रात्री नाटकगृहात दंगल उसळली. काही लोक रंगमंचावर चढले. त्यांतल्या एकाला आमच्या या बुजऱ्या कारकुनाने असा ठोसा दिला की तो मंचावरून थेट खाली प्रेक्षकांत गेला! येट्स रंगमंचावर येऊन प्रेक्षकांवर गरजला. या साऱ्या गोंधळात एक गोष्ट मला चटका लावते. हुतात्म्यांचा अपमान केला म्हणून ज्या नटांवर लोक धावून आले, त्यांत आर्थर शील्ड्सही होता. ज्या उठावाच्या नावाने आरडाओरडा चालला होता, त्या उठावात तो स्वतः लढला होता.

एवढे होऊनही बॅरी दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेला असणार, कारण नोकरी त्याने सोडली ती १९२९ साली. ओकेसी आधीच लंडनला गेला होता, आणि तोपर्यंत त्याचे ॲबीशी भांडणही झाले होते. येट्सने त्याचे 'द सिल्व्हर टॅसी' हे नाटक नाकारले होते. ते १९२९ मध्ये लंडनला व्हायचे ठरले आणि त्यात बॅरीला काम होते. आता कचेरी आणि नाटक या दोन होड्यांवर पाय ठेवता येईना. मध्ये समुद्र आला. त्याने राजीनामा दिला. तेव्हा त्याचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते.

एक्केचाळीस हे वय मला चांगले परिचयाचे आहे. त्याच वयात एका व्यावसायिक नाटकमंडळीने मला दौऱ्यावर येण्याविषयी विचारले होते. काम चांगले होते. तीन प्रवेशांचे, पण शेवटचा प्रवेश माझा. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दोन्ही मुले शाळेत. सौभाग्यवती म्हणाली, "तुम्हांला जायचं असेल तर जा. मी शिकवण्या धरीन." तिने हे मनापासून म्हटले होते, म्हणूनच मी गेलो नाही. त्याचे मला दुःख नाही आणि कौतुकही नाही. आईचे शेवटचे दिवस माझ्या हातून निघाले, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातून निघावेत असे मला कधीही वाटले नाही. पण जो गेला त्याचे काय झाले, हे जाणून घेण्याची उत्सुकता मात्र मनात राहून गेली. बॅरी फिट्झजेराल्डचे चरित्र मी ज्या ओढीने वाचले, तिचे मूळ हेच असावे. बॅरी सडाफटिंग होता. जन्मभर त्याने लग्न केले नाही. दौऱ्यावर निघताना त्याला कुणी शिकवण्या धरण्याचे वचन दिलेले नव्हते.

तर जो गेला त्याचे काय झाले? पहिल्यांदा फारसे काही झाले नाही. हिचकॉकने १९३० मध्ये 'जूनो'चा बोलपट काढला. ज्या कॅप्टन बॉइलवर बॅरीने नाव कमावले, ते काम दुसऱ्याच नटाने केले. बॅरीला मिळाला तो एक भाषणबाज वक्ता. पण १९३६ मध्ये जॉन फोर्डने 'प्लाउ'चा चित्रपट करण्यासाठी ॲबीतली मंडळी हॉलिवुडला बोलावली. बॅरीने आपले रंगभूमीवरचेच काम केले. आर्थरने, म्हणजे १९१६ मध्ये खऱ्याखुऱ्या लढलेल्या शिपायाने, त्या उठावाचा फाशी न जाता गोळी खाल्लेला नेता पॅट्रिक पिअर्स याची भूमिका केली. मॅक्कॉर्मिक आला होता, त्याची बायको आयलीन क्रो हीसुद्धा आली होती. चित्रपट पुरा झाला. मॅक्कॉर्मिक आणि आयलीन डब्लिनला परतली. बॅरी हॉलिवुडलाच राहिला.

इथे मला कॅप्टन बॉइल आणि जॉक्सर यांची वाट वेगळी झालेली दिसते. मॅक्कॉर्मिक पुढे जन्मभर ॲबीचा राहिला. आज राजा, उद्या भिकारी, परवा पाद्री अशी कामे करीत गेला. जगाने त्याला पडद्यावर नीट पाहिले ते १९४७ च्या 'ऑड मॅन आउट'मध्ये. पाखरे पाळणारा शेल नावाचा फाटका माणूस त्याने असा उभा केला की पाहणारा चकित व्हावा. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो वारला. डब्लिनने त्याला आपला म्हणून पोचवला. बॅरीला जगाने आपला म्हटले. यांतले कुठले भाग्य मोठे हे ज्याने त्याने ठरवावे. मी दोन्ही तागड्यांत बोट घालून पाहिले आहे आणि काटा हलत नाही.

हॉलिवुडमध्ये बॅरीने मिळेल ते केले. माळी झाला, खलाशी झाला, टारझनच्या जंगलातही जाऊन आला. १९४१ मध्ये फोर्डने 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' काढला. गोष्ट वेल्समधल्या कोळशाच्या खाणीवरची, चित्रीकरण कॅलिफोर्नियात. त्यात घरातली आई साराह ऑलगुड, बॅरी एक गावकरी आणि आर्थर कडक शिस्तीचा धर्माधिकारी. म्हणजे १९२४ च्या त्या रात्रीची जूनो, तिचा नवरा आणि तिचा मुलगा, तिघेही घरापासून हजारो मैलांवर पुन्हा एका गावात राहायला आलेले! प्रेक्षकांना याचा पत्ताही नसेल. नाटकातल्या माणसांचे गोत असे पडद्यामागे जमते.

आणि मग १९४४ साली 'गोइंग माय वे' आला. न्यूयॉर्कमधल्या कर्जात बुडालेल्या चर्चचा म्हातारा धर्मगुरू फादर फिट्झगिबन, आणि त्याचा कारभार हळूच हातात घेण्यासाठी धाडलेला तरुण धर्मगुरू, म्हणजे गायक नट बिंग क्रॉस्बी. म्हातारा हेकट आहे, मानी आहे, आणि पंचेचाळीस वर्षांत त्याला आयर्लंडमधली आपली आई भेटलेली नाही. शेवटी तरुणाने बोलावून घेतलेली ती जख्ख म्हातारी एकेक पाऊल टाकीत येते, आणि हा म्हातारा तिच्या मिठीत मूल होऊन जातो. बॅरीचे वय तेव्हा छप्पन्न. जन्माने प्रॉटेस्टंट असलेल्या या माणसाने उभा केलेला कॅथलिक धर्मगुरू घराघरांतल्या कॅथलिकांना आपला वाटला.

त्या कामासाठी असे काही घडले की जे पूर्वी घडले नव्हते आणि नंतरही घडले नाही. ऑस्करसाठी एकाच भूमिकेबद्दल त्याचे नाव प्रमुख नटांच्या यादीतही लागले आणि साहाय्यक नटांच्या यादीतही. परीक्षकांनाच कळेना की हा माणूस बाजूला उभा आहे की मध्ये! प्रमुख नटाचे पारितोषिक क्रॉस्बीला गेले, साहाय्यक नटाचे बॅरीला. पुढे असे होऊ नये म्हणून नियम बदलण्यात आला. एका चरित्रनटाने नियमावलीत केलेली ही दुरुस्ती. माझ्यासारख्या नियमावल्या उलटण्यात जन्म घालवलेल्या माणसाला तिचे मोल पारितोषिकाहून अधिक वाटते. युद्धकाळात धातूची टंचाई होती म्हणून ती बाहुली प्लास्टरची देत. घरात गोल्फच्या काठीचा सराव करताना बॅरीने तिचे मुंडकेच उडवले. त्याच्या बदली त्याला दुसरी बाहुली मिळाली. कॅप्टन बॉइलने हीच कथा सात समुद्रांच्या वर्णनासकट सांगितली असती.

पण या यशाची किंमतही होती. हॉलिवुडला एकदा गोड, हेकट, गालांत हसणारा आयरिश म्हातारा सापडला आणि मग त्याने तो पुन्हा पुन्हा मागवला. ज्या नटाने रिकाम्या खोलीतल्या झिंगलेल्या माणसाकडून प्रेक्षकांचा श्वास रोखला होता, त्याच्याकडून डोळे मिचकावण्याची वारंवार अपेक्षा होऊ लागली. आयर्लंडमधल्या काहींना ते आपल्या देशाचे सोंग वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तरी मधूनच तो सगळ्यांना चकवी. १९४८ च्या 'द नेकेड सिटी'त तो न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरून फिरणारा पोलीस अधिकारी मल्डून झाला. हातात पिस्तूल नाही, मारामारी नाही. समोरच्याला बोलू द्यायचे, आणि तो लांबण लावू लागला की मान किंचित वाकडी करून ऐकायचे. हे पाहताना मला तर त्याच्यापुढे ती कचेरीची खिडकीच दिसू लागली. ही मान वाकडी करण्याची कला डब्लिनच्या सरकारी टेबलामागे कमावलेली आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे.

'द क्वाएट मॅन'चे चित्रीकरण १९५१ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये, मेयो परगण्यातल्या काँग या गावी झाले. परदेशी गेलेली माणसे गावी परत आली. बॅरी लग्ने जुळवणारा मायकलीन फ्लिन झाला. त्याच्या गाडीचा घोडा दारूच्या दुकानापाशी आपण होऊन थांबतो. आर्थर झाला प्रॉटेस्टंट पाद्री, आणि त्याची पत्नी झाली आयलीन क्रो. मॅक्कॉर्मिकला जाऊन चार वर्षे झाली होती. जॉक्सरची विधवा जॉनीच्या बाजूला हसतमुख उभी आहे, आणि समोर कॅप्टन बॉइल घोडागाडी हाकतो आहे. हे एकदा ठाऊक झाल्यावर त्या हसऱ्या चित्रपटातही डोळे पाणावतात. त्याच उन्हाळ्यात, १७ जुलैच्या रात्री, खेळ संपल्यावर ॲबी थिएटरला आग लागली आणि जुने नाटकगृह जळाले. त्या रात्री तिथे नाटक होते 'द प्लाउ ॲन्ड द स्टार्स'. नवी इमारत उभी राहून उघडली ती १९६६ साली. बॅरीला ती पाहायला मिळाली नाही.

१९५९ मध्ये तो डब्लिनला कायमचा परतला, आणि ४ जानेवारी १९६१ रोजी तिथेच वारला. डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्याला पुरले. आर्थर १९७० मध्ये कॅलिफोर्नियात गेला; पण त्यालाही डब्लिनला आणून थोरल्या भावाशेजारीच ठेवले. एक कारकून आणि एक क्रांतिकारक. दोघेही शेवटी नट म्हणूनच ओळखले गेले.

मधल्या काळात मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. बॅरीने नोकरी सोडली म्हणून तो मोठा झाला, असे लोक सांगतील. ते अर्धेच खरे आहे. त्याने कॅप्टन बॉइल केला तेव्हा तो नोकरीतच होता. दिवसाच्या कामाने त्याची कला खाल्ली नाही. तिला माणसे पुरवली. आणि राजीनामा दिल्यानंतरची तीस वर्षे तो ज्या शिदोरीवर जगला, ती अठरा वर्षांच्या त्या टेबलावर बांधलेली होती. जाणाऱ्याने जावे, राहणाऱ्याने राहावे. पण रोज समोर येणाऱ्या माणसाकडे जो नीट पाहतो त्याचा दिवस फुकट जात नाही. तो नट असो, शिक्षक असो की चार घरी पोळ्या करणारी बाई असो.

यंदाच्या दिवाळीत पोरेबाळे घरी जमतील. फराळानंतर कुणीतरी 'द क्वाएट मॅन' लावील, आणि कुणीतरी विचारील, "हा घोडागाडीवाला कोण?" तेव्हा सांगा की त्याचे नाव बॅरी फिट्झजेराल्ड. आणि त्याची मान जरा वाकडी होते तिकडे लक्ष ठेवा. तो ऐकतो आहे.